देशोदेशीचा कल्हईवाला: क्लाउदियो रानिएरी

बॅकपास

परवा रात्री झोप येईना म्हणून जुने सामने बघत बसलो आणि २० एप्रिल २००४ चा मोनाको-चेल्सी हाती लागला. चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, पहिला सामना. १-१ बरोबरी, परक्या मैदानावरचा गोल चेल्सीच्या खिशात, आणि ५३व्या मिनिटाला मोनाकोचा झिकोस लाल कार्ड घेऊन बाहेर. कुठल्याही इटालियन माणसाला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल की आता दार लावून घ्यायचं आणि निवांत घरी जायचं. चेल्सीचा इटालियन प्रशिक्षक रानिएरीने काय करावं? उजवा बॅक मेल्चियट काढला आणि हॅसेलबैंक हा स्ट्रायकर आत घातला. थोड्या वेळाने मधला पार्कर काढून धिप्पाड सेंटर-बॅक हुट आणला. मध्यंतराला वेरॉन आलेलाच होता, पण आपण नक्की कुठे खेळतोय हे त्यालाही उमगलेलं दिसत नव्हतं. ७८ आणि ८३व्या मिनिटाला दहा जणांच्या मोनाकोने दोन गोल घातले. ३-१.

गंमत म्हणजे याच माणसाने दोनच आठवड्यांपूर्वी, ६ एप्रिलला, हायबरीवर, म्हणजे आर्सेनलच्याच मैदानावर, त्यांना २-१ हरवून बाहेर काढलं होतं. त्या मोसमात लीगमध्ये एकही सामना न हरलेलं आर्सेनल! ८७व्या मिनिटाला वेन ब्रिजने गोल केला आणि चश्मा लावलेला हा बावन्न वर्षांचा गृहस्थ लहान पोरासारखा उड्या मारत होता. तेव्हा त्याची नोकरी जाणार हे सगळ्या लंडनला माहीत होतं. चेल्सीचा मुख्य कार्यकारी अधिकारी आणि इंग्लंडचा प्रशिक्षक एरिकसन यांच्या भेटीचे फोटो पेपरात छापून आले होते. ३१ मे २००४ ला गेलीच.

इटलीतलं त्याचं करिअर वेगळं ठेवू. तिथे काल्यारीला दोन वर्षांत तिसऱ्या स्तरावरून सेरी आ या अव्वल लीगमध्ये नेलं, मॅराडोनाने सोडल्यानंतरच्या नापोलीत झोलाला उभं केलं, फिओरेंतिनाला १९९६ चा इटालियन कप दिला. ते सगळं घरच्या अंगणात. मला बोलायचंय ते १९९७ नंतरच्या परदेशातल्या कामाबद्दल: वॅलेन्सिया, अॅटलेटिको, चेल्सी, पुन्हा वॅलेन्सिया, मोनाको, ग्रीस, लेस्टर, नांत, फुलहॅम, वॉटफर्ड. यादी वाचूनच दम लागतो.

माझं म्हणणं असं की या माणसाला आपण फक्त २०१६ मध्ये लेस्टरला इंग्लंडची लीग जिंकून दिली त्या चमत्कारासाठी ओळखतो आणि ते त्याच्यावर अन्याय करणारं आहे. खरं काम त्याने आधीच केलं होतं. वॅलेन्सियात त्याने मेंदिएता, फारिनोस, अंगुलो यांना घेऊन धावणारा, प्रतिहल्ला करणारा संघ बांधला. १९९९ च्या स्पॅनिश कपात त्यांनी बार्सिलोनाला घालवलं, उपांत्य फेरीत घरच्या मैदानावर रेआल माद्रिदला ६-० धुतलं आणि सेव्हियातल्या अंतिम सामन्यात अॅटलेटिकोला ३-०. त्यातला मेंदिएताचा गोल ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी तो बघा, मग हा धागा वाचा. अंगावर आलेला चेंडू अडवला, गोलकडे पाठ असताना बचावपटूच्या डोक्यावरून उचलला, वळला आणि खाली पडायच्या आत डाव्या पायाने हाणला. बास. रानिएरी गेला आणि त्याच संघाला घेऊन एक्तोर कूपर २००० आणि २००१ अशा लागोपाठ दोन चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यांत पोचला. पुढे बेनिटेझने २००२ आणि २००४ मध्ये लीग जिंकली.

चेल्सीची कथाही तीच. मोनाकोची तीच. नांगरणी याची, कापणी दुसऱ्याची. बोला.

खडूस फुलबॅक

धागा आवडला, मुद्दा पटला नाही. बॅकपासराव, प्रत्येक प्रशिक्षकाच्या मागे दुसरा प्रशिक्षक येतोच, त्यातला एखादा जिंकतोच. त्याचं श्रेय आधीच्याला द्यायचं ठरवलं तर अॅटलेटिको कुणाच्या खात्यावर टाकणार? वॅलेन्सिया सोडून तिकडे गेला आणि त्याच मोसमात, २००० साली, अॅटलेटिको दुसऱ्या विभागात घसरलं.

दुसऱ्यांदा वॅलेन्सियात आला तेव्हा तर तयार ताट समोर होतं. बेनिटेझ लीग आणि युएफा कप ठेवून गेलेला. याने काय केलं? कोर्राडी, दि वायो, फिओरे, मोरेत्ती असे चार इटालियन आणले. ऑगस्टमध्ये पोर्टोला हरवून सुपर कप घेतला, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये श्तेआवा बुखारेस्टकडून पेनल्टीवर हरून युएफा कपच्या बाहेर आणि नोकरीच्याही बाहेर. तिथे तर नांगरणी दुसऱ्याची होती आणि याने उभं पीक आडवं केलं.

बॅकपास

दुसऱ्या वॅलेन्सियाबद्दल वकिली करत नाही. तो फसलाच. पण अॅटलेटिकोचं अर्धंच सांगताय. अध्यक्ष हेसुस खिल यांच्यावर आर्थिक गैरव्यवहाराचे आरोप होते आणि डिसेंबर १९९९ मध्ये कोर्टाने क्लबवर प्रशासक बसवला. घरमालकाला पोलीस घेऊन चाललेत आणि भाडेकरूला विचारताय की भिंतीला रंग का नाही दिला. मार्चमध्ये राजीनामा देऊन तो निघाला तेव्हा जहाज बुडत होतं हे मान्य, पण भोक त्याने पाडलेलं नव्हतं.

आंबटगोड

मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, नवरा बघतो म्हणून कानावर पडतं. पण एक विचारायचं होतं. याला इंग्लंडमध्ये ‘टिंकरमॅन’ म्हणत ना? टिंकर म्हणजे पूर्वी तिकडे दारोदार फिरून भांडी सांधून देणारा. म्हणजे आपला कल्हईवाला!

आमच्या वाड्यात यायचा. अंगणात खड्डा खणून भट्टी पेटवायची, पोरं भाता मारायला टपलेली. पातेलं पुरेसं तापलं की चिमूटभर नवसागर, तो पांढरा नाकाला झोंबणारा धूर, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवलं की आतून चांदी. पाण्यात बुडवल्यावरचा तो चर्र आवाज. आजी म्हणायची, कल्हई गेली की आमटी कळकते. पण आमटी छान झाल्यावर कुणी कल्हईवाल्याचं नाव घेतलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

बॅकपास

आंबटगोड, तुम्हाला फुटबॉलमधलं कळत नाही म्हणता आणि माझा अख्खा लेख दोन ओळींत मांडलात. संपादकांना विनंती करून धाग्याचं नाव बदलून घेतो आहे. (बदललं.)

‘टिंकर’चा रूढ अर्थ मात्र खुडबुड करत राहणारा. दर आठवड्याला अकरा जण बदलायचा म्हणून पेपरवाल्यांनी चिकटवलेलं नाव. इंग्लंडमध्ये तेव्हा ठरलेली टीम म्हणजे ठरलेली टीम, त्यामुळे त्यांना हा प्रकार विचित्र वाटायचा. आज सगळेच मोठे क्लब तेच करतात आणि त्याला ‘रोटेशन’ असं भारदस्त नाव आहे.

निळी स्टँड

चेल्सी समर्थक, साल २००१ पासून. मला इथे लिहायलाच हवं.

सप्टेंबर २००० मध्ये आधीचा प्रशिक्षक व्हिआलीला काढून याला आणलं तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. सुरुवातीला दुभाष्या घेऊन बसायचा. संघ म्हातारा होत चाललेला. याने २००१ मध्ये वेस्ट हॅमकडून १ कोटी १० लाख पौंडांना लॅम्पार्ड घेतला तेव्हा लोक म्हणाले, पैसे पाण्यात. टेरीला याने नियमित खेळवलं. गॅलास आणला. २००२ च्या उन्हाळ्यात क्लबकडे पैसेच नव्हते, फुकटात आलेल्या एनरिके दे लुकासवर भागवलं. आणि त्याच संघाला घेऊन ११ मे २००३ ला, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, लिव्हरपूलला २-१ हरवून चॅम्पियन्स लीगची जागा मिळवली. ग्रोनकियारचा गोल. हरेल तो चॅम्पियन्स लीगबाहेर, अशी लढत होती ती. दोन महिन्यांच्या आत रशियन अब्जाधीश अब्रामोविचने क्लब विकत घेतला. तो सामना हरलो असतो तर पुढचं काय काय झालं नसतं याचा हिशेब आम्ही अजून मांडतो.

याच्या जागी आलेल्या मोरिन्योने २००५ मध्ये ९५ गुण मिळवून लीग जिंकली, त्यात कोण होते? टेरी, लॅम्पार्ड, गॅलास, मॅकेलेले, डफ, जो कोल. सगळे रानिएरीच्या काळातले. चेक आणि रॉबेनचे करारसुद्धा तो असतानाच झाले होते. कल्हईवाला शब्द एकदम चपखल.

मोनाकोच्या सामन्याबद्दल मात्र कृपया यापुढे काही लिहू नये. वीस वर्षं झाली, खपली धरलेली नाही.

नवशिक्या

मग मोनाकोतही हाच गेला ना नंतर? की मी गोंधळतोय?

बॅकपास

गेला ना! २०१२ मध्ये. तेव्हा मोनाको दुसऱ्या विभागात तळाशी चाचपडून नुकतंच सावरलेलं. पहिल्याच मोसमात दुसरा विभाग जिंकून वर, २०१४ मध्ये ८० गुणांसह पॅरिसच्या पाठोपाठ दुसरा. फाल्काओ, हामेस, मोतिन्यो हे सगळे आले होते खरे, पण फाल्काओचा गुडघा जानेवारीतच गेला. दुसरा आलास म्हणून नारळ. त्याच्या जागी आलेल्या जार्दिमने २०१७ मध्ये लीग जिंकली. ती टीम बरीचशी नवी होती, एमबापे वगैरे, त्यामुळे इथे मी कापणीचा दावा थोडा आखडता घेतो.

खडूस फुलबॅक

आखडता घेतलात हे बरं केलंत. आता ग्रीसवर या.

२०१४ च्या विश्वचषकात बाद फेरीपर्यंत गेलेला संघ याच्या हातात दिला. चार सामने, एक बरोबरी, तीन हार. शेवटची हार १४ नोव्हेंबरला, स्वतःच्या मैदानावर, फॅरो बेटांकडून ०-१. सगळ्या बेटांची मिळून लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास, आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. दुसऱ्या दिवशी हकालपट्टी. ही कल्हई की भांड्याला भोक?

ध्रुवबाळ

खडूसराव, एक तळटीप जोडतो. रानिएरी गेल्यानंतर सात महिन्यांनी, जून २०१५ मध्ये, ग्रीस पुन्हा फॅरो बेटांकडून हरलं, २-१. तेव्हा बाकावर दुसराच माणूस होता. म्हणजे भोक आधीपासून असावं.

अवांतर: राष्ट्रीय संघ त्याच्या प्रकृतीला मानवणारा नव्हताच. महिना-दोन महिन्यांतून चार दिवस खेळाडू हाताशी. हा माणूस रोज मैदानावर उभं राहून, नावाने हाक मारून, चुकलं की ‘डिली-डिंग डिली-डाँग’ करून खेळाडू जागे करणारा. कुणाचं लक्ष नसलं की काल्पनिक घंटा वाजवायची ही त्याची जुनी सवय. लेस्टरमध्ये तर नाताळला सगळ्या खेळाडूंना खरोखरच्या छोट्या घंटा भेट दिल्या. (आपल्याकडे साहेबाने ‘घंटा’ दिली म्हटलं तर अर्थ भलताच होईल ते सोडा.)

म्युनिकचा मिलिंद

भाषेवरून आठवलं. परदेशी गेलेल्या इटालियन प्रशिक्षकांचं आणि भाषेचं वाकडंच असतं बहुतेक. इथे बायर्नमध्ये त्रापातोनीने १० मार्च १९९८ च्या पत्रकार परिषदेत खेळाडूंवर जो जाळ काढला तो मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये. ‘इश हाबे फेर्टिश’ म्हणून टेबलावरून उठला. बरोबर रूप ‘बिन’. ‘मी संपलो’ म्हणायच्या जागी ‘माझ्याकडे संपलो आहे’ असं काहीसं. लोक हसले, पण आज सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनंतरही आमच्या ऑफिसात शुक्रवारी लॅपटॉप मिटताना कुणीतरी तेच चुकीचं वाक्य म्हणतं.

रानिएरीचंही तेच. २००८ मध्ये मोरिन्यो इटलीत आला तेव्हा त्याने रानिएरीच्या वयाची आणि इंग्रजीची जाहीर टर उडवली होती. इतकी वर्षं इंग्लंडात काढून धड नमस्कार-चमत्कार येत नाहीत, असा सूर. आणि २०१७ मध्ये लेस्टरने रानिएरीला काढलं तेव्हा हाच मोरिन्यो छातीवर ‘सी आर’ (क्लाउदियो रानिएरी) अशी अक्षरं लावून पत्रकारांसमोर आला. माणसं बदलतात म्हणावं की कपडे, तुम्ही ठरवा.

मडगावचो बाबू

इटालियन प्रशिक्षकांचं एवढं कौतुक चाललंय, तर आमचं दुखणं पण ऐका. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, आयएसएलचा अंतिम सामना. समोर चेन्नई, त्यांच्या बाकावर मातेराझ्झी. हो, झिदानची धडक छातीवर घेतलेला तोच. ८७व्या मिनिटाला जोफ्रेची फ्री किक आत, एफसी गोवा २-१. अख्खं स्टेडियम उभं. माझ्या शेजारच्या काकांनी फटाक्यांची माळ पिशवीतून बाहेर काढली होती. तीन मिनिटांत आमच्याच गोलीच्या हातून चेंडू आपल्याच जाळ्यात, आणि लगेच मेंडोझा. ३-२. काकांनी माळ परत पिशवीत ठेवली, न बोलता, नीट गुंडाळून.

पर्वती पायथा

बाबू, सांत्वन म्हणून सांगतो, आम्हालाही इटालियन लाभलेला. २०१४, एफसी पुणे सिटी, फ्रांको कोलोम्बा. फिओरेंतिनाची भागीदारी होती तेव्हा. बालेवाडीला त्रेझेगे प्रत्यक्ष बघितला, एवढंच पदरात. उपांत्य फेरी काही दिसली नाही.

बाकी रानिएरी चालू द्या, लेस्टरवर अजून कुणी आलंच नाही.

लेस्टरकर

आलो. सगळे प्रतिसाद वाचले. मी २०१५ च्या सप्टेंबरमध्ये एमएस्सीसाठी लेस्टरला गेलो. मूळचा सांगलीचा, क्रिकेटवाला. फुटबॉलचा ओ की ठो कळत नव्हता.

गावात बेलग्रेव्ह रोडला गोल्डन माइल म्हणतात. सगळी गुजराती दुकानं, मिठाई, साड्या, सोनं. मराठी बोलणारं कुणी भेटलं तर तिथे चहा पाजायची पद्धत, इतके आम्ही कमी. ऑक्टोबरात दुकानदारांच्या बोलण्यात हा ‘इटालियन काका’ यायला लागला. पहिल्या नऊ सामन्यांत एकदाही गोल न खाता राहिले नव्हते. याने खेळाडूंना सांगितलं, एकही गोल खाऊ नका, मी पिझ्झा देतो. २४ ऑक्टोबरला क्रिस्टल पॅलेसला १-० हरवलं. हा त्यांना पिझ्झाच्या दुकानात घेऊन गेला आणि तिथे कणकेचे गोळे समोर ठेवले: स्वतःचा स्वतः थापा, फुकट काही मिळत नाही. त्यानंतर मात्र १-० चा रतीबच लागला.

मी पहिला सामना बघितला तो फेब्रुवारीतला नॉर्विचचा, मित्राचं तिकीट उरलं म्हणून. प्रत्येक खुर्चीवर पुठ्ठ्याचा घडी घातलेला पंखा ठेवलेला असायचा, आवाज करायला. ८९व्या मिनिटापर्यंत ०-० आणि उयोआने गोल केला. माझ्या विद्यापीठातल्या भूशास्त्राच्या मुलांनी मैदानाजवळच्या एका शाळेत भूकंपमापक बसवला होता, त्यावर ०.३ ची नोंद झाली. आमच्याकडे कोयनेचे धक्के बसतात तेव्हा लोक घराबाहेर पळतात. इथे लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते.

आता मुद्द्याचं. बॅकपास, तुमचं म्हणणं मला पटतं, पण लेस्टरमध्ये ते उलटं आहे. तिथली कल्हई आधीचा प्रशिक्षक नायजेल पिअर्सनची. आधीच्या मोसमात तळाशी असलेल्या संघाने शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून जीव वाचवला, तो पिअर्सनच्या हाताखाली. वार्डी, महरेझ, मॉर्गन, ड्रिंकवॉटर, श्मायकेल, हुट सगळे आधीचे. कान्टे हेरला तो स्टीव्ह वॉल्शच्या टीमने. रानिएरी १३ जुलै २०१५ ला आला, लोक म्हणाले, फॅरोकडून हरलेला माणूस? आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदाच खुडबुड केली नाही. सहायक तेच ठेवले, साधी ४-४-२, जवळपास तीच अकरा नावं दर शनिवारी. १४ फेब्रुवारीला आर्सेनलकडून ९५व्या मिनिटाला हरले तेव्हा सगळ्यांना वाटलं, फुगा फुटला. याने खेळाडूंना आठवडाभर सुट्टी दिली! अख्ख्या मोसमात फक्त तीन हार, ८१ गुण, दुसऱ्या क्रमांकाच्या आर्सेनलपेक्षा दहा जास्त.

खडूस फुलबॅक

लेस्टरकर, हा आतापर्यंतचा सर्वात चांगला प्रतिसाद. म्हणजे तीस वर्षं भांडी घासून झाल्यावर एकदा आयती पंगत मिळाली, आणि शहाण्यासारखा वाढपी होऊन उभा राहिला. हे मात्र मी मान्य करतो. ‘हात लावायचा नाही’ हे कळायला वयच लागतं.

बॅकपास

लेस्टरकर, पिअर्सनचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. माझ्या सिद्धांताला तुम्ही भोक पाडलंत की कल्हई केलीत, ठरवता येत नाहीये. म्हणजे देणं-घेणं फिटलं म्हणायचं.

२ मेच्या रात्रीचं लिहा ना.

लेस्टरकर

त्या दिवशी रानिएरी गावात नव्हताच. रोमला गेला होता, ९६ वर्षांच्या आईबरोबर जेवायला, आणि संध्याकाळी परतला. इकडे आमच्या पाठलागावर असलेलं, आणि जिंकणं भागच असलेलं टॉटनहॅम चेल्सीविरुद्ध २-० पुढे होतं. मी पबमध्ये उभा, हातातलं पेय कोमट झालेलं. चेल्सीच्या केहिलने एक परत केला, ८३व्या मिनिटाला अझारने दुसरा. टॉटनहॅमच्या नऊ जणांना पिवळी कार्डं, सामना राहिला बाजूला आणि मारामारीच. २-२ झालं आणि लीग आमची. ज्या मैदानावरून रानिएरीला काढलं होतं, त्याच स्टॅमफर्ड ब्रिजवर. गावभर हॉर्न. बेलग्रेव्ह रोडवरचा एक मिठाईवाला मध्यरात्री दुकान उघडून पेढे वाटत होता. मला म्हणाला, तमे तो क्रिकेटवाळा ने?

सात तारखेला एव्हर्टनच्या सामन्याआधी इटालियन गायक बोचेल्ली गायला आला. बत्तीस हजार माणसं ओरडतायत आणि रानिएरी त्याच्या शेजारी उभा राहून हाताने गप्प बसा, गप्प बसा अशी खूण करतोय. वर्गातल्या मास्तरासारखा. आणि सगळे बसले गप्प.

नऊ महिन्यांनी, २३ फेब्रुवारी २०१७ ला, काढलं. सेव्हियाविरुद्ध २-१ हरले त्याच्या दुसऱ्या दिवशी. लीगमध्ये घसरणीच्या रेषेपेक्षा एकच गुण वर होते, त्यामुळे क्लबचं अगदीच चुकलं असं छातीठोक म्हणवत नाही. तेव्हा मी पुण्यात नोकरीला लागलो होतो. ऑफिसात कुणाला सांगणार?

ध्रुवबाळ

पुढचं पटकन लिहून टाकतो, धागा पूर्ण व्हावा म्हणून. नांतला गेला तेव्हा फ्रान्समधल्या प्रशिक्षकांसाठीच्या ६५ वर्षांच्या नियमातून खास सूट घ्यावी लागली, संघ नववा आला. फुलहॅम सपशेल फसलं. वॉटफर्डमध्येही जेमतेम चार महिने, पण त्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये मँचेस्टर युनायटेडला ४-१ हरवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा प्रशिक्षक सोलशायरची नोकरी गेली. मग परदेश संपलं. काल्यारीला परत जाऊन २०२३ मध्ये बारीत ९४व्या मिनिटाच्या गोलवर सेरी आमध्ये नेलं, पुढच्या वर्षी तिथेच टिकवलं आणि निवृत्ती जाहीर केली. मग रोमाने हाक मारली म्हणून पुन्हा आला. जून २०२५ मध्ये खुद्द इटलीच्या राष्ट्रीय संघाला नाही म्हणाला.

आंबटगोड

नाही म्हणाला? का?

ध्रुवबाळ

रोमामध्ये सल्लागार म्हणून नवं काम सुरू होत होतं, तिथेच पूर्ण लक्ष द्यायचं असं सांगून. ग्रीस आठवलं असेल असं मला आपलं उगीच वाटतं.

निळी स्टँड

लेस्टरकर, तो पुठ्ठ्याचा पंखा आहे का अजून?

लेस्टरकर

एक आणला होता, सांगलीच्या घरी आहे. आईला त्याचं माहात्म्य दोनदा सांगून झालं. उन्हाळ्यात लाइट गेले की वारा घालायला घेते, आणि पाव्हणे आले तर म्हणते, हा इंग्लंडचा आहे, जरा जपून.